मुलाचा ऑनलाइन छळ होतोय: आधी काय करायचं, नंतर काय

मुलाला ऑनलाइन त्रास होतोय हे कळल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक घरांत चार गोष्टी होतात. फोन काढून घेतला जातो. ‘नकोच ते डोळ्यांसमोर’ म्हणून मेसेज डिलीट होतात. त्रास देणाऱ्याला ब्लॉक केलं जातं. आणि घरातलं कुणीतरी तावातावानं समोरच्या मुलाच्या आईवडिलांना फोन लावतं.

चारही गोष्टी मायेपोटी होतात आणि चारही अंगाशी येतात. फोन गेला की मूल धडा घेतं: सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच. डिलीट केलं की पुरावा संपला. घाईनं ब्लॉक केलं की काही कमेंटही त्यासोबत नाहीशा होतात. आणि समोरच्या घरी फोन गेला की तिकडच्या पोस्ट अर्ध्या तासात गायब होतात, वर ‘घरी जाऊन रडला’ ही नवी चर्चा सुरू होते.

यातलं बरंचसं पुढे करायचंच आहे. चुकतो तो क्रम. आधी मूल, मग पुरावा, मग अकाउंट, मग शाळा किंवा पोलीस, असा क्रम धरून खालचे टप्पे लिहिले आहेत.

तयारी: हा छळ आहे की भांडण?

शाळेतल्या दादागिरीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांच्या तीन कसोट्या आजही कामाच्या आहेत. त्रास मुद्दाम दिला जातोय का? तो पुन्हापुन्हा होतोय का? आणि दोन बाजूंची ताकद विषम आहे का?

ऑनलाइन जगात यातल्या दोन कसोट्या जरा वेगळ्या लावाव्या लागतात. एकानं एकदाच टाकलेला फोटो शंभर जणांनी पुढे पाठवला, तर तो त्रास शंभर वेळा झाला. ‘एकदाच तर केलंय त्यानं’ हा बचाव इथं चालत नाही. ताकदही दंडातली नसते. समोरचा निनावी आहे, त्याच्या बाजूनं पन्नास जण हसतायत, किंवा त्याच्याकडे मुलाचा एखादा फोटो आहे, ही ताकद.

दोघं मित्र सारख्याच जोरानं एकमेकांना शिव्या देत असतील, तर ते बहुधा भांडण आहे. तिथं तक्रारीची यंत्रणा कामाला लावू नका, थोड्या मदतीनं ते त्यांचं ते मिटवतात. मात्र मूल घाबरलेलं असेल, तर कसोट्यांचा काथ्याकूट न करता पुढच्या टप्प्याकडे जा.

टप्पा 1: बदल टिपा

बरीच मुलं आपण होऊन सांगत नाहीत, पण शरीर आधी बोलायला लागतं. सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. डोकं दुखतं, भूक जाते किंवा उगाच खा खा सुटते. झोप लागत नाही, लागली तरी मध्येच मोडते.

ही नाटकं नसतात. धोका समोर उभा असला काय किंवा स्क्रीनवर असला काय, शरीराची घंटा तीच वाजते. ताणाची संप्रेरकं वाढतात, छातीत धडधडतं, पोट आवळतं. पुढचा मेसेज कधी येईल याचा नेम नसल्यामुळे ही घंटा पुरती बंदच होत नाही. डॉक्टरांनी पोट तपासून ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हटलं तरी दुखणं खरंच असतं.

फोनशी असलेलं नातंही पाहा. नोटिफिकेशन वाजलं की मूल दचकतं, कुणी जवळ आलं की स्क्रीन फिरवतं. किंवा याच्या उलट, जिवापाड जपलेलं अकाउंट एके दिवशी अचानक बंद करून टाकतं. दुसऱ्या प्रकाराकडे पालकांचं लक्ष जात नाही, कारण ‘बरं झालं, फोनचं वेड गेलं’ असं वाटतं.

नेहमीची चूक: यातली बरीच लक्षणं वयात येताना अशीही दिसतात. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. आपलंच मूल दोन महिन्यांपूर्वी कसं होतं, ते आठवा. झोप, जेवण, शाळेला दांडी, दुखणं आणि मित्रांशी बोलणं, या पाच गोष्टींची रोज एका ओळीत नोंद ठेवा. दहा-बारा दिवसांत चित्र दिसतं, आणि हीच नोंद पुढे डॉक्टरांकडे उपयोगी पडते.

थांबा: मूल स्वतःला इजा करत असेल, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलत असेल किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर नोंदी करत बसू नका. सरळ टप्पा 3 वाचा.

टप्पा 2: बोलण्याची जागा आणि पहिलं वाक्य

समोरासमोर बसवून ‘काय झालंय सांग’ म्हणालात तर उत्तर येईल, ‘काही नाही’. चालताना, गाडीत, भांडी आवरताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही अशा वेळी मुलं जास्त बोलतात. भावंडांसमोर विषय काढू नका.

आपण पाहिलेला बदल सांगून सुरुवात करा: ‘चार दिवस तू नीट जेवत नाहीयेस आणि फोन वाजला की दचकतेस. कुणी त्रास देतंय का?’ ती बोलायला लागली की पहिलं वाक्य असावं, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ दुसरं, ‘यात तुझी चूक नाही.’ आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: ‘फोन काढून घेणार नाही.’ हे वाक्य ऐकेपर्यंत पुष्कळ मुलं अर्धीच गोष्ट सांगतात.

एक वचन मात्र देऊ नका: ‘कुणालाच सांगणार नाही.’ पुढे शाळेत जावं लागेल, कदाचित डॉक्टरकडे, आणि मग तुम्ही शब्द मोडलेला असेल. त्याऐवजी म्हणा, ‘तुला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही. तुझ्या जिवाला धोका वाटला तर तेवढा अपवाद.’

न बोलायची वाक्यं: ‘दुर्लक्ष कर.’ ‘तू आधी काय केलं होतंस?’ ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ पहिलं वाक्य सगळ्यांच्याच तोंडात असतं, म्हणून त्याबद्दल थोडं. शाळेतला दांडगट मुलगा शाळा सुटली की मागे राहायचा. फोन उशाशी येतो. ज्याचं हसं झालंय त्याला कोण कोण हसलं तेही नावांसकट दिसतं. दुर्लक्ष करायला डोळे मिटून भागत नाही, आपलं सगळं मित्रमंडळच सोडावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलाला ‘दुर्लक्ष कर’ म्हणणं हे त्याला वाळीत पड म्हणण्यासारखं आहे.

मुलाला ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आलं’ असं वाटत असेल तर एक आकडा सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं 2024 मध्ये 44 देशांतल्या 11 ते 15 वयाच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साधारण 6 मुलांमागे 1 मुलानं ऑनलाइन छळ सोसला होता. वर्गातल्या बाकांवर हा हिशेब मांडून दाखवा. आपल्यासारखी किती जण गप्प बसली असतील, हे मुलाच्या लक्षात येतं.

तरीही बोलणं जमत नसेल, तर ‘लिहून दे’ किंवा ‘मावशीशी, दादाशी, आवडत्या बाईंशी बोल’ असं सुचवा. ते तुमच्याशीच बोललं पाहिजे, असा हट्ट नको.

टप्पा 3: अवघड प्रश्न थेट विचारा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. ‘विचारलं तर नको ते डोक्यात भरेल’ अशी भीती असते. ती निराधार आहे. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही, उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या मुलांत नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात, त्यामुळे हा प्रश्न औपचारिकता म्हणून विचारायचा नाही.

शब्द साधे ठेवा: ‘इतका त्रास झाला की कधी कधी जगायला नको वाटतं. तुला असं वाटतं का? जीव द्यायचा विचार आला का?’ मग गप्प बसा. शांतता लांबली तरी ती तुम्ही भरू नका.

उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. ‘किती वेळा वाटतं? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?’ हे विचारा. काही ठरवलं असेल, तर त्या क्षणापासून मुलाला एकटं ठेवू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू आवाक्याबाहेर कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ते उपलब्ध नसतील तर रुग्णालयाचा तातडीचा विभाग. पुरावे, तक्रारी, शाळा, सगळं नंतर.

तपासा: उत्तर ‘नाही’ असलं तरी आठवड्यानं हाच प्रश्न पुन्हा विचारा. नवा फोटो फिरला किंवा नवं फेक अकाउंट निघालं, की परिस्थिती एका रात्रीत बदलते.

टप्पा 4: पहिली रात्र

पहिल्या रात्री एकच काम: झोप. 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते, 6 ते 12 वयाच्या मुलांना 9 ते 12 तास. छळ होत असलेलं मूल रात्री दोन वाजता ग्रुप उघडून बघतं, कारण आपल्यामागे काय बोललं जातंय हे न कळणं त्याला वाचण्यापेक्षा भयंकर वाटतं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते, अभ्यास होत नाही, आणि तोच मेसेज आदल्या दिवसापेक्षा दुप्पट लागतो. नैराश्याची वाट अशीच तयार होते.

फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा, पण घरातल्या सगळ्यांचेच. एकट्या मुलाचा बाहेर ठेवलात तर ती जप्तीच झाली. आणि ‘काय चाललंय’ ही धाकधूक कमी करायला पहारा वाटून घ्या: मुलाच्या संमतीनं एखादा मोठा माणूस दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, तो ग्रुप किंवा अकाउंट पाहील. महत्त्वाचं तेवढं सांगेल. शिव्यांचं जाहीर वाचन करणार नाही. हा उपाय दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते सबंध लेखात सगळ्यात जास्त उपयोगी हाच.

टप्पा 5: पुरावा गोळा करा, ब्लॉक करण्याआधी

दुसऱ्या दिवशी सकाळी, शक्यतो मुलाला सगळं पुन्हा वाचायला न लावता, मोठ्या माणसानं हे काम करावं.

1. स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचं अकाउंटचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसती शिवी कापून घेतलेला तुकडा पुरावा म्हणून लंगडा पडतो.
2. प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. दाखवायचं नाव कुणीही बदलू शकतो, म्हणून अकाउंटचं युजरनेम वेगळं लिहा.
3. व्हॉट्सअॅपवर ‘एक्सपोर्ट चॅट’ करून संपूर्ण संभाषण जपा. आधीचे-नंतरचे मेसेजही लागतात, आपल्या मुलानं दिलेली उत्तरंसुद्धा. ती गाळलीत आणि समोरच्यानं दाखवली, तर तुमची बाजू पडते.
4. एका वहीत तारीखवार लिहा: काय झालं, कुणी पाहिलं, मुलावर काय परिणाम झाला. ‘14 तारखेला ग्रुपवर फोटो, 15 ला शाळेत गेली नाही, रात्री उलटी’ अशा नोंदीनं शाळा आणि डॉक्टर दोघांनाही नेमकं कळतं.

घाई का, तर पुरावा नाशवंत माल आहे. स्टोरी 24 तासांत जाते. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पाठवणारा साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसू शकतो. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, तिथं दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा.

सावधान: 18 वर्षांखालील मुलाचा नग्न किंवा लैंगिक फोटो फिरत असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, ‘पुरावा’ म्हणून कुणालाही पाठवू नका. असा फोटो जवळ बाळगणं हा पुष्कळ देशांत गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. फक्त लिंक, अकाउंटचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, मग पोलिसांकडे जा. सोबत ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. अमेरिकेतलं नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन ती चालवतं, पण कुठल्याही देशातून वापरता येते. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो शोधून काढतात. सहभागी नसलेल्या साइटवर आणि कूटबद्ध (एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच न वाचता येणाऱ्या) चॅटमध्ये ती चालत नाही, तेव्हा तिच्यावर विसंबून पोलिसांकडे जाणं टाळू नका. 18 वर्षांवरील तरुणांसाठी अशीच सेवा ‘स्टॉप एनसीआयआय’ या नावानं आहे.

फोटो दाखवून कुणी पैसे किंवा आणखी फोटो मागत असेल, तर काहीही देऊ नका. एकदा दिलं की मागणी वाढते. चॅट पुसू नका, अकाउंट बंद करू नका, पोलिसांत जा.

टप्पा 6: अकाउंटचा बंदोबस्त

आता ब्लॉक. पण त्याआधी इन्स्टाग्रामवरचा ‘रिस्ट्रिक्ट’ हा पर्याय पाहा. त्रास देणाऱ्याला आपण अडवलं गेलोय हे कळत नाही, त्याच्या कमेंट बहुतांशी त्याच्या त्यालाच दिसतात, आणि मूल ऑनलाइन आहे का, मेसेज वाचला का, हेही त्याला कळत नाही. रोज वर्गात शेजारी बसणाऱ्याच्या बाबतीत हा मार्ग ब्लॉकपेक्षा बरा, कारण ‘मला ब्लॉक केलंस काय’ ही दुसऱ्या दिवशीची कटकट टळते. अनोळखी किंवा धमकावणाऱ्याला मात्र सरळ ब्लॉक करा. इन्स्टाग्रामवर ब्लॉक केल्यावर त्याच्या तुमच्या पोस्टवरच्या कमेंट निघून जातात आणि अनब्लॉक करून परत येत नाहीत. पुरावा आधी, तो यासाठी.

रिपोर्ट करताना योग्य वर्ग निवडा. ‘आवडलं नाही’ अशा ढोबळ कारणानं केलेली तक्रार बाजूला पडते. छळ, तोतया अकाउंट, खासगी फोटो, धमकी, यातलं जे नेमकं असेल ते. तोतया अकाउंट असेल तर ज्याचं नाव वापरलं आहे त्यानं किंवा त्याच्या पालकांनी स्वतः तक्रार करणं उत्तम.

मग पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, ग्रुपमध्ये कोण सामील करू शकतं ही सेटिंग ‘फक्त ओळखीचे’ अशी ठेवा. ‘जिवलग मैत्रिणीला’ दिलेला पासवर्ड हे बऱ्याच प्रकरणांचं मूळ असतं.

तपासा: मुलानं किंवा तुम्ही उलट शिवी घातलेली नाही ना? आगीत तेल पडतंच, शिवाय तुमचाच स्क्रीनशॉट फिरतो.

टप्पा 7: शाळेत जाताना

त्रास देणारा त्याच शाळेतला असेल तर लेखी अर्ज द्या, सोबत तारखांची वही आणि छापील स्क्रीनशॉट. ‘काहीतरी करा’ असं म्हणण्यापेक्षा तीन ठोस मागण्या करा: बसण्याची जागा बदलावी, मुलाला मोकळेपणानं भेटता येईल असे एक शिक्षक नेमावेत, आणि शाळा काय करणार ते ठराविक तारखेपर्यंत लेखी कळवावं.

दोन्ही मुलांना एकत्र बसवून ‘हात मिळवा’ असा समेट कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. भांडणात तो चालतो. छळात दुबळ्या बाजूला पुन्हा एकदा सगळ्यांदेखत मान तुकवावी लागते.

धमकी, लैंगिक मजकूर, खंडणी किंवा पाठलाग असेल तर शाळेच्या उत्तराची वाट न बघता पोलिसांत जा.

टप्पा 8: पुढचे आठवडे

पोस्ट काढली गेली, समोरच्यानं माफी मागितली, म्हणून मूल लगेच बरं होत नाही. घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नेमकं तेव्हाच मुलाकडचं लक्ष उडतं. टप्पा 1 मधली पाच गोष्टींची नोंद निदान सहा आठवडे चालू ठेवा.

उदासी, चिडचिड, कशातच गोडी नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ राहिलं, शाळा बुडायला लागली किंवा वजन उतरलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘वेड्याचा डॉक्टर’ ही भीती मुलापेक्षा घरातल्या मोठ्यांनाच जास्त असते.

स्क्रीनबाहेरचं एखादं वर्तुळ पुन्हा जोडून द्या: मैदान, वाद्य, चित्रकला, चुलत भावंडं, काहीही. जिथं त्या ग्रुपमधलं कुणी नाही आणि मुलाची ओळख ‘तो फोटोवाला’ अशी नाही, असं एक ठिकाण पुरतं.

वही चाळताना कधी दिसतं की आपल्या मुलानंही कुणाला तरी असंच छळलं आहे. सोसणारी आणि दुसऱ्याला सोसायला लावणारी मुलं कित्येकदा तीच असतात, आणि अशा मुलांची मानसिक अवस्था नुसत्या सोसणाऱ्यांपेक्षाही नाजूक असू शकते. तेव्हा ‘तुझ्याच कर्माची फळं’ म्हणून मदत थांबवू नका. मदत चालूच ठेवा आणि ज्याला त्रास दिला त्याची माफी मात्र आडवळण न घेता मागायला लावा.

राहिला तो स्क्रीनशॉटचा फोल्डर. तो मुलाच्या फोनवर ठेवू नका, रात्री उघडून बघितला जातो. तुमच्याकडे, पासवर्ड लावून ठेवा. तक्रारी निकाली निघाल्या आणि शाळेचं वर्ष संपलं की मुलाला विचारा, पुसायचा का. बटण त्यालाच दाबू द्या.